सकाळचा सुतार, दुपारचा सुतार

एक जंगल होतं. जंगलात झाडं होती, झाडांत अळ्या होत्या आणि अळ्यांवर कर होता.

जंगलाचा राजा अस्वल. तो रीतसर निवडून आलेला होता, कारण निवडणुकीत गळ्यात हार घालतात आणि अस्वलाला हार फार आवडत. आधी घालून घ्यायला, मग खायला.

याच जंगलात रंगोजी टोचे नावाचा सुतारपक्षी राहत असे. सकाळी तो राजवाड्याच्या कंत्राटावर असे. 'महाराज थोर आहेत' हे वाक्य झाडाझाडावर चोचीनं कोरायचं, असं काम होतं. दुपारी त्याचा स्वतःचा धंदा. पोपटांना, मैनांना मापाच्या ढोल्या कोरून द्यायच्या. मजुरी दोन्हीकडे अळ्यांत. बायको गोदूबाई अंड्यांवर बसलेली होती आणि येणाऱ्या पिल्लांसाठी दोघांनी ढोलीच्या तळाशी अळ्यांची एक टोपली भरून ठेवली होती. ती टोपली वाचवायची, एवढंच रंगोजीचं राजकारण होतं.

कराचा हंगाम आला तसा तो कचेरीत गेला. खिडकीत साळिंदर बसलं होतं.

"कंत्राटी की स्वतंत्र?"

"दोन्ही," रंगोजी म्हणाला.

साळिंदराचे काटे उभे राहिले. "दोन्ही असं काही नसतं. ही कंत्राट्यांची खिडकी. इथं मजुरी देतानाच निम्मी अळी चावून घेतो, विषय संपला. धंदा असेल तर पलीकडच्या खिडकीत जा."

रंगोजी पलीकडे गेला. साळिंदरही उठून पलीकडे गेलं आणि बसलं.

"नमस्कार. कोण आपण?"

"साहेब, आत्ताच तर बोललो आपण!"

"ते त्या खिडकीत. इथं धंदेवाले हंगामाच्या शेवटी भरतात, खर्च वजा करून. तुमचा खर्च काय?"

"चोच झिजते."

"कुठल्या कामावर?"

"दोन्ही. चोच एकच आहे ना साहेब."

"सकाळी झिजलेली चोच राजवाड्याची, ती इथं वजा होणार नाही. सकाळची चोच आणि दुपारची चोच वेगळी ठेवा, मग या."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा गोदूबाई म्हणाली, "अहो, मला पाहायला आलात तेव्हा एकच चोच दाखवली होती. दुसरी लपवली होती की काय?"

शेवटी तो वाघुळकर वकिलांकडे गेला. हे वटवाघूळ होते. उलटे लटकून सल्ला देत, त्यामुळे तो अशिलाला सरळ वाटे.

"तुमच्यापुढे तीन वाटा आहेत," वाघुळकर म्हणाले. "सगळं कंत्राटात दाखवा, म्हणजे निम्मं गेलं. सगळं धंद्यात दाखवा, म्हणजे राजवाडा कंत्राट काढून घेईल. किंवा दोन व्हा."

"दोन?"

"सकाळचा सुतार एक प्राणी, दुपारचा सुतार दुसरा. दर प्राण्याला पहिली टोपली माफ आहे. तुमची कमाई दोघांत वाटली की दोघंही माफीत बसतात. कर शून्य!"

रंगोजी घरी उडत गेला नाही, नाचत गेला. दुसऱ्या दिवशी तो दोन झाला. साळिंदरानं दोन्ही खिडक्यांत त्याचं वेगवेगळं स्वागत केलं.

ही बातमी लपणार थोडीच! खारी दोन झाल्या, माकडं दोन झाली. गोगलगाय तर चार झाली. सावकाश झाली, पण झाली. खेकडा दोन झाला आणि दोघांनी एकमेकांना खाली ओढायला सुरुवात केली. सगळं जंगल माफीत बसलं. कोठार रिकामं झालं आणि महाराजांच्या जेवणात नुसती चटणी उरली.

प्रधान सरडा होता. तो लगेच सभेत उभा राहिला, आधी हिरवा आणि मग भगभगीत लाल.

"बंधूंनो, भगिनींनो, आणि आपापल्या दुपारच्या बंधू-भगिनींनो! विरोधक विचारतात, रोजगार कुठे आहे? डोळे उघडा! या राज्यात जेवढे प्राणी आहेत, त्याच्या दुप्पट प्राणी कामाला लागलेत!"

प्रचंड टाळ्या पडल्या. प्रत्येकानं दोघांच्या वतीनं वाजवल्या.

सभा संपल्यावर त्यानं फर्मान काढलं. सकाळच्या सुतारानं खाल्लेल्या अळीची ताकद दुपारचा सुतार वापरतो. म्हणजे एका प्राण्याचा माल दुसऱ्याकडे गेला. म्हणजे हा व्यापार झाला. म्हणजे त्यावर कर. रंगोजीनं सकाळी उपाशी राहून पाहिलं, तर दुपारचा सुतार एका पोपटाच्या अंगावर भोवळ येऊन पडला. पोपटानं भरपाई मागितली. थकबाकी फुगली आणि साळिंदर टोपली न्यायला झाडाखाली येऊन बसलं.

पण निवडणूक आली होती. महाराज स्वतः झाडाखाली आले, हारासकट. त्यांनी साळिंदराला सगळ्यांसमोर हाकललं.

"या ढोलीतल्या टोपलीला कुणी हात लावणार नाही!" ते गरजले. "पिल्लांचा घास तो आमचाच घास!"

रंगोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदूबाईला मात्र शेवटचं वाक्य आवडलं नाही. सगळ्यांनी मतं दिली, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. महाराजांना जंगलात नव्हते तेवढ्या प्राण्यांची मतं मिळाली.

ढोल वाजत होते तेव्हाच पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. तेव्हाच साळिंदर टोपली घेऊन गेलं.

रंगोजी तडक दरबारात गेला. महाराज अळ्या खात होते. टोपली ओळखीची होती.

"महाराज, तुम्ही शब्द दिला होता! माझी पिल्लं चोची उघडून बसलीत हो!"

महाराजांनी दुःखानं मान हलवली आणि प्रधानाकडे पाहिलं. सरड्यानं घसा साफ केला.

"रंगोजीराव, शब्द दिला तो निवडणुकीआधीच्या महाराजांनी. गादीवर बसलेत ते निवडणुकीनंतरचे महाराज. कायद्यानं हे दोन वेगळे प्राणी आहेत. वाट तुम्हीच दाखवलीत, सरकार आपलं ऋणी आहे."

"मग ते आधीचे महाराज कुठे भेटतील?"

"पुढच्या निवडणुकीला. तुमच्याच झाडाखाली."

रंगोजी रिकाम्या चोचीनं परतला. गोदूबाईनं ऐकून घेतलं, एक सणसणीत शिवी दिली आणि पिल्लांवर त्याला बसवून स्वतः अळ्या शोधायला गेली. खाली साळिंदर तिची नोंद करायला थांबलंच होतं.

निवडणुकीआधीचे महाराज फार भले आहेत, याबद्दल जंगलात आजही कुणाचं दुमत नाही. फक्त त्यांना राज्य करायची संधी अजून एकदाही मिळालेली नाही.