पाय दगडाचे झाले तेव्हा

विणकर कॉलनीच्या गणपती मंडपात टीव्हीवर गाजलेले संमोहनसम्राट प्रोफेसर चक्रधर आले, ते भिंतीएवढा टीव्ही घेऊनच. त्यांचा कार्यक्रम लागला की घरोघरची माणसं जागची हलत नसत. गॅसवरची दुधं खुशाल उतू जात. आता उत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी मुलांचं नाटक रद्द करून तोच कार्यक्रम दाखवायचा घाट मंडळाच्या अध्यक्षांनी घातला होता.

नाटक बसवणाऱ्या शकूमावशींनी हरकत घेतली. प्रोफेसर हसले. "माझ्या प्रेक्षकांना जागेवरून उठवून दाखवा, मग खुशाल नाटक करा," असं म्हणून त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावरचे चक्रधर धीरगंभीर आवाजात म्हणाले, "तुमचे पाय दगडाचे झाले आहेत." झालं, सगळा मंडप खिळला. पडद्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या मावशींनी हाका मारल्या, अध्यक्षांना तर गदागदा हलवलं, पण सगळे ढिम्म.

मावशी त्या चेहऱ्यांकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी गणपतीपुढच्या झांजा उचलल्या आणि खणखणीत आवाजात आरती सुरू केली.

पहिल्याच ओळीला अख्खा मंडप उभा राहून टाळ्या वाजवू लागला. प्रोफेसरही घाईघाईने बूट काढून उभे राहिले.

आरती संपली तेव्हा ते भानावर आले. "ही काही माझ्या विद्येची हार नाही," ते तणतणले. "आरतीला माणूस सवयीने उठतो."

"मग टीव्हीसमोर तो कशाने बसतो?" मावशींनी शांतपणे विचारलं, आणि प्रोफेसरांच्या हातावर प्रसाद ठेवला.