खाऱ्या चुन्याचा दगड

रेवसळच्या कथीड्रलला तीन दारे आहेत. दोन उघडी, एक बुजवलेले. बुजवलेले दार खाडीकडे तोंड करून आहे. त्यात छातीच्या उंचीवर एक दगड सैल आहे. हात लावून बघा, पण काढू नका. त्याचा दिवस ठरलेला आहे.

फार पूर्वी या देवळात बिशपांच्या हाताखाली सात पाद्री होते म्हणे. त्यांतला एक पाद्री इनास, गवंड्याच्या घरातला. बापाची थापी धाकट्या भावाकडे, बस्त्यावकडे, गेली. आई लवकर वारली, म्हणून बस्त्यावला इनासनेच कडेवर वाढवले असे सांगतात.

मग खाडीपलीकडे एक गोरा प्रोटेस्टंट मिशनरी आला. तो मराठीत शास्त्र वाचून दाखवी. इथे सगळी प्रार्थना लॅटिनमध्ये. पहिल्या वर्षी चार घरे त्याच्याकडे गेली, दुसऱ्या वर्षी एकोणीस. त्यांत बस्त्याव गेला.

"इथं काय कमी पडलं तुला?" इनासने विचारले.

"काही नाही, दादा. तिथं देव काय बोलतो ते कळतं."

"आणि मी बोलतो ते?"

"घरी बोलतोस ते कळतं. वेदीवर बोलतोस ते नाही."

इनास उठून गेला.

सातही पाद्री विचार करायला एकत्र बसले. वडील पाद्री म्हणाले, "पलीकडचे लोक खाडीकडच्या दारातून आत येतात. ते बुजवा. गेलेला परत आलाच, तर पुढल्या दारानं येईल, गुडघ्यांवर." सगळ्यांनी वेदीवर हात ठेवून शपथ घेतली, की गेलेल्या माणसाशी एक शब्दही बोलायचा नाही. सर्वांत मोठा आवाज इनासचा होता.

"पण बुजवणार कोण?" एक पाद्री हसला. "बरा गवंडी एकच होता. तो याच्याच घरातून पळाला."

"मी बुजवतो," इनास म्हणाला.

त्याने झगा कमरेला खोचला. विहिरीचे गोडे पाणी, चुना, वाळू, गूळ. चार दिवसांत भिंत उभी राहिली. बापाने पाहिली असती तर खोट काढता आली नसती. फक्त एक दगड टिकेना. दर पावसाळ्यानंतर इनास तो बसवी, नाताळ उलटेपर्यंत तो खाली पडलेला असे. लोक म्हणाले, चमत्कार आहे. पाद्री म्हणाले, दुसरा गवंडी आणू. इनास म्हणे, "माझं काम आहे. मीच बसवीन."

दगड पडला की रोज दुपारी तो त्या भोकापाशी आतून बसे. खाडीतून होडी आली, उतरणाऱ्याची चाल ओळखीची वाटली, की उठे. मग पुन्हा बसे. पलीकडे बस्त्यावने बांधलेले प्रार्थनाघर दिसे. त्याची भिंत ओळंब्यात, दोरीसारखी सरळ होती. इनास तिच्याकडे बघत राही. निरोप धाडता येत नव्हता. शपथ होती. अशी सहा वर्षे गेली.

दगडाची गोष्ट पलीकडे पोचली. बस्त्याव चिडला. "दादानं बसवलेला दगड पडतो? शक्य नाही." तो स्वतः बघायला आला. गुड फ्रायडेची दुपार होती. घंटा बंद, देऊळ शांत. पडलेला दगड त्याने उलटा केला, पाठीचा चुना नखाने खरवडला आणि जिभेला लावला.

खारट.

गवंड्याचे शेंबडे पोरही खाडीच्या पाण्यात चुना कालवत नाही; तसला चुना दगड धरत नाही. शेजारच्या दगडाचा चुना त्याने चाखला. तो खारट नव्हता. बस्त्याव तिथेच खाली बसला. मग उठून त्याने भोकात कोपरापर्यंत हात घातला.

"दादा."

आतून शब्द आला नाही. हात आला. बोटांना चुन्याने पडलेल्या जुन्या भेगा होत्या. तो हात ऊन उतरेपर्यंत सुटला नाही.

इनासने शपथ मोडली नाही. बस्त्याव इकडच्या पंथात परत आला नाही. पण दर गुड फ्रायडेला तो येत राहिला, इनासला माती देईपर्यंत.

आजही त्या दुपारी दगड काढतात. पलीकडची माणसे बाहेरून हात घालतात, इकडची आतून. कोणी बोलत नाही. पावसाळा सरला की गावातला सर्वांत म्हातारा गवंडी दगड पुन्हा बसवतो. गोड्या पाण्याची विहीर दहा पावलांवर आहे. तो घागर घेऊन खाडीवर जातो.