तुळाजीचा कोंबडा

नदीकाठच्या एका गावात एकदा एक बुरूड राहत होता. तुळाजी त्याचं नाव. बांबू फोडायचा, त्याच्या टोपल्या, सुपं आणि कोंबड्या झाकायची डालगी विणायची, हा त्याचा उद्योग. हात अत्यंत कुशल, पण स्वभाव दबणारा. बाजारात त्याच्या टोपलीची किंमत गिऱ्हाईक ठरवी आणि हा मान डोलावी. अरुंद वाटेवर समोरून कोणी आलं, तर आधी चिखलात उतरणारा तोच. संध्याकाळी देवळाच्या ओवरीत गावातले एक वृद्ध, ज्यांना सगळे आबा म्हणत, शहाणपणाच्या गोष्टी सांगत बसत. तिथेही तुळाजी खांबाआड बसून ऐके. आबांवर त्याची निष्ठा होती. आबाही त्याला आपला शिष्य मानत, कारण तो ऐकलेलं विसरत नसे.

त्याच्या बायकोने, येसूने, परसात कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांच्यासाठी म्हणून एक कोंबडा आणला. तांबडा, काळ्या शेपटीचा, मान ताठ ठेवून चालणारा. तो वयात आला आणि धावून जाऊ लागला. परसातून कोणी अनोळखी माणूस गेला की मानेची पिसं फुलवून तो तीरासारखा सुटे आणि चोचीने, पायामागच्या टोकदार नखांनी पोटऱ्या फोडून काढी. कोंबड्यांच्या पाठीवर त्याने पीस ठेवलं नव्हतं.

पण तुळाजीच्या अंगावर तो कधी आला नाही. त्याच्या तळहातावरचे दाणे तो शांतपणे टिपत असे. आणि तुळाजीला, ज्याला उभ्या गावात कोणी भीत नव्हतं, या गोष्टीचं एक निराळंच सुख वाटू लागलं. लोक आता त्याच्या कुंपणापाशी थबकत. “तुळाजी, कोंबडा बांधलाय ना रे?” असं विचारल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकीत नसे. ते विचारणं त्याला गोड वाटे. कोणी धोतर सावरत पळालं की तो बांबू फोडता फोडता खळखळून हसे, आणि ते माणूस दिसेनासं झालं की मूठभर दाणे कोंबड्यापुढे टाके.

येसू सांगत असे, “याला काढा घरातून. अंडी गोळा करायला जाताना मला सूप पुढे धरून जावं लागतं.”

“तू भितेस म्हणून तो येतो,” तुळाजी म्हणे. “आपल्या माणसांना तो काही करत नाही.”

आबा एकदा डालगं न्यायला आले, तेव्हा कोंबडा त्यांच्याही अंगावर धावला. तुळाजीने हसू दाबत त्याला हुसकलं. आबांनी पोटरीवरचं रक्त पुसलं आणि विचारलं, “तुझ्यावर येतो का रे हा?”

“नाही आबा. मला ओळखतो.”

आबा डालगं घेऊन निघून गेले. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

तुळाजीला सगुणा नावाची चार वर्षांची मुलगी होती. बाप दाणे टाकतो तसे आपणही टाकावेत असं तिला वाटे. एका सकाळी येसू नदीवर धुणं धुवायला गेली होती आणि तुळाजी पुढच्या अंगणात बांबू सोलत होता. सगुणा मुठीत ज्वारी घेऊन परसात गेली. घाबरायचं नाही, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. ती कोंबड्यासमोर खाली बसली आणि तिने मूठ उघडली.

परसातून किंकाळी आली. तुळाजीने ती ऐकली. त्याला वाटलं, कोणी वाटसरू सापडला. क्षणभर त्याच्या ओठांवर नेहमीचं हसू उमटलं. मग तो आवाज कोणाचा आहे हे त्याला कळलं.

वैद्य आले, त्यांनी जखम धुतली, औषध घातलं आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले. उठताना ते हलक्या आवाजात म्हणाले, “चेहरा भरून येईल. उजवा डोळा गेला.”

येसू मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडली नाही, काही बोललीही नाही. तिचं ते गप्प बसणं तुळाजीला सोसवेना. त्याने बांबू तोडायचा कोयता उचलला आणि तो परसाकडे धावला. कोंबडा उकिरड्यावर उभा होता. तुळाजीने त्याला पायांना धरून उलटा केला, ओंडक्यावर मान दाबली आणि कोयता उगारला.

तेवढ्यात मागून कोणी त्याचं मनगट धरलं. आबा होते. बातमी ऐकून ते तसेच उठून आले होते.

“आज नको,” आबा म्हणाले. “याला डालग्याखाली झाक. पाणी ठेव.”

“माझ्या लेकीचा डोळा फोडलाय याने.”

“ठाऊक आहे. मारायचं की नाही ते उद्या तूच ठरव. आज माझं एक काम कर. याने ज्यांना ज्यांना फोडलं, त्या सगळ्यांच्या घरी जा. त्यांच्या जखमा बघून ये.”

तुळाजी त्यांच्याकडे पाहत राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला आबांचा राग आला. “पोर आत तळमळतेय आणि तुम्ही मला गावभर हिंडायला सांगता? लोकांच्या पोटऱ्या बघत?”

“हो,” आबा म्हणाले. “आणि कोयता इथे ठेवून जा.”

ऐकायची सवय इतक्या वर्षांची होती की रागातही त्याचे पाय चालू लागले.

कुंपणापलीकडे सोनबा शिंपी राहत असे. तुळाजीने मान खाली घालून आपण कशासाठी आलो ते सांगितलं. सोनबाने पायाचा अंगठा पुढे केला. नखाखाली एक पांढरी रेघ होती.

“हे कधीच भरलं,” सोनबा म्हणाला. “पण विहिरीला जायची वाट तुझ्या परसातून होती. माझी बायको ती वाट सोडून बसली. दोन वर्षं झाली, नदीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणते ती. तुला दिसली असेल डोक्यावर हंडा घेऊन जाताना.”

ती दिसली होती. तिला लांबची विहीर का आवडू लागली, हा प्रश्न तुळाजीला कधी पडला नव्हता.

पुढे तुळाजी धर्मशाळेत गेला, तर तिथे मुक्कामाला कोणी नव्हतं. तिथला एक गोसावी भिक्षेला आला असता कोंबड्याने त्याच्या पायाचं मांस काढलं होतं. तो लंगडत पुढच्या गावी गेला, एवढंच तिथल्या झाडणाऱ्या बाईला माहीत होतं. कोणत्या गावी, तिला सांगता येईना. तुळाजी रिकाम्या ओसरीकडे थोडा वेळ पाहत उभा राहिला.

गावाच्या टोकाला गोदा म्हातारीची झोपडी होती. ती रोज सकाळी दारोदार ताक घालत असे. तिच्यामागे कोंबडा लागला, मडकं फुटलं, ताक अंगभर सांडलं, ती गंमत तुळाजीने बाजारात कितीदा तरी रंगवून सांगितली होती. त्यानंतर ती यायची बंद झाली. वय झालं असेल, असं तो समजला.

म्हातारी गोधडीवर पडून होती. त्याला पाहताच ती उठून बसू लागली. “ये लेका. पोरीचं कानावर आलं. कशी आहे रे?”

“डोळा गेला, मावशी.”

तिने हात जोडून कपाळाला लावले. मग तुळाजीने तिला पाय दाखवायला सांगितलं. तिला संकोच वाटला. “काय बघायचंय त्यात?”

“आबांनी सांगितलंय.”

तिने चिंधी सोडली. पोटरीवरची ती जखम इतक्या दिवसांत भरलीच नव्हती. कडा काळ्या पडल्या होत्या, पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. दर्प असा आला की तुळाजीचं तोंड आपोआप वळलं. मग आबांचा शब्द आठवून त्याने पुन्हा तिकडे पाहिलं.

“मावशी, त्या दिवशी तू मला हाक मारली होतीस.”

“मारली होती.”

“मला ऐकू आली होती.”

“ठाऊक आहे,” म्हातारी म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. “तू हसलास, ते मलाही ऐकू आलं.” आणि ती पुन्हा चिंधी गुंडाळू लागली.

ऊन कलताना तुळाजी घरी परतला. अजून काही घरं राहिली होती, पण पाय तिकडे वळेनात. पोर ग्लानीत झोपली होती. येसू चुलीपाशी पाणी गरम करत होती. उंबऱ्यात उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ज्या घरांत जायला सांगितलं होतं, त्यांत हेही एक घर आहे.

“येसू,” तो म्हणाला, “तुझे पाय बघू.”

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग लुगडं जरा वर उचललं. पोटऱ्यांवर जुने व्रण होते, त्यांवर नवे व्रण होते, एक तर कालचा असावा. रोज डोळ्यांसमोर वावरणारे ते पाय त्याने किती काळात पाहिले नव्हते.

आबा ओट्यावर बसले होते. सकाळपासून ते तिथून हलले नव्हते. तुळाजी त्यांच्यासमोर खाली बसला.

“आबा,” तो म्हणाला, “सकाळी पोर ओरडली ना, तेव्हा मला वाटलं दुसरं कोणी आहे. आणि मी हसलो. आधी हसलो.”

घरात भांड्याचा आवाज झाला. येसूने ते ऐकलं होतं.

आबा हळू बोलले. “सकाळी तुझा कोयता चालला असता, तर हे वाक्य तुझ्या तोंडून जन्मात निघालं नसतं. कोंबडा मेला असता आणि सगळा दोष त्याच्याबरोबर संपला असता. तू मोकळा झाला असतास. पक्ष्याला बुद्धी किती असते, तुळाजी? धावून गेलं की दाणे मिळतात, एवढं तो शिकला. परका कोण आणि आपला कोण, हा हिशेब तुझा होता, त्याचा नव्हता. जे क्रौर्य दुसऱ्यावर चाललेलं पाहून आपल्याला मौज वाटते, ते आपण आपल्या हाताने पोसत असतो. त्याला एक दिवस आपलं दार सापडतं.”

मग ते म्हणाले, “मलाही त्या दिवशी बोलता आलं असतं. शिष्याला आपलं आपण उमगू द्यावं, असं वाटलं मला. ते उमगायला इतकं मोल पडेल हे मला दिसलं नाही. त्याचा वाटा माझ्याकडे राहील.”

ते उठले आणि काठी टेकत निघून गेले. त्या संध्याकाळी ओवरीत गोष्ट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुळाजीने डालगं उचललं. कोंबडा अंगावर आला नाही. मान तिरकी करून त्याने तुळाजीच्या हाताकडे पाहिलं, दाणे आहेत का म्हणून. आदल्या दिवशी जे एका झटक्यात झालं असतं, ते आता फार कठीण झालं होतं, कारण राग उरला नव्हता. पण परस ही माणसांची वाट होती आणि घरात एक लहान मूल होतं. तुळाजीने त्याला कुशीत घेतलं, ओंडक्यापाशी नेलं आणि एकाच घावात काम संपवलं. घरात ते मांस शिजलं नाही. त्याने ते नदीच्या बाजूला खोल पुरलं.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी गोदा म्हातारीकडे जाऊ लागला. कडुनिंबाच्या पाण्याने तिची जखम धुवायची, स्वच्छ फडकं बांधायचं, तिच्या दोन गोष्टी ऐकायच्या. जखम भरली नाही. थंडी सरण्यापूर्वी म्हातारी गेली. परसातली वाट त्याने रुंद केली, कुंपणाचं फाटक काढून टाकलं. तरी सोनबाची बायको नदीपलीकडूनच पाणी आणत राहिली. त्याने तिला एकदा हात जोडून सांगून पाहिलं. ती म्हणाली, “आता पायाला तीच सवय झाली, भाऊजी.”

येसूने त्याला कधी दोष दिला नाही. मात्र पूर्वी ती त्याच्याजवळ कुरकुर करत असे, मागत असे, भांडत असे, तेही तिने सोडलं. बाजारात कोणाची फजिती झाली की माणसं हसत. अशा वेळी तुळाजी खाली पाहून आपली टोपली विणत राही.

पावसाळ्याच्या तोंडाला सगुणा पुन्हा अंगणात खेळू लागली. एका डोळ्याने तिला अंतराचा अंदाज येत नसे. एके दिवशी तिने पाणी मागितलं. तुळाजीने तांब्या पुढे केला. तिचा हात तांब्याच्या अलीकडेच मिटला, मग पलीकडे गेला. तांब्या तिच्या हातात कोंबावा असं त्याला वाटलं. पण दारात उभी असलेली येसू म्हणाली, “थांबा. तिला शिकू दे.”

कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी आपणहून बोललेले हे पहिले शब्द होते. तुळाजी थांबला. सगुणाचा हात हवेत चाचपडत होता. त्याने तांब्या हलू दिला नाही आणि नजरही दुसरीकडे वळवली नाही.