धूर विकणाऱ्याचा उपदेश

पूर्वी चंपावती नगरात दृढवर्मा राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या पाठशाळेत आचार्य होते. पाठशाळेची एक रीत होती. रोज सकाळी प्रत्येकाने एक श्लोक एका दमात म्हणायचा. मध्येच श्वास घेतला, तर मुकाट्याने खाली बसायचं. सोळा वर्षांचा क्षेमक कधीच खाली बसला नव्हता.

त्याच नगरात मणिदत्त नावाचा श्रेष्ठी धुराच्या सुगंधी कांड्या विकत असे. टोकाला विस्तव लावायचा आणि धूर छातीत ओढायचा. गावातले बाप्ये खोकत होतेच, आता पोरांच्या हातीही कांड्या दिसू लागल्या. राजा काळजीत पडला. आणि काय आश्चर्य, मणिदत्तच डोळ्यांत पाणी आणून दरबारात हजर झाला!

"महाराज, मुलं म्हणजे देवाघरची फुलं. मी माझ्या खर्चाने पाठशाळांत उपदेशक पाठवतो. मुलांनी कांडीला शिवू नये, एवढंच ते सांगतील."

राजा विरघळला. आधी बोधिसत्त्वांच्या पाठशाळेत उपदेश करून पाहायचा आणि मग राज्यभर, असं ठरलं.

बोधिसत्त्वांना मात्र हे पचेना. तुम्हीच सांगा, खाटीक कधी बकऱ्याला पळायची वाट दाखवतो का? कुठेतरी पाणी मुरत होतं. पण खात्री झाल्यावाचून कुणाला बोल लावायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. ते मुलांच्या मागे जाऊन बसले.

उपदेशकाने आधी लाडू वाटले. मग तो मधाळ आवाजात म्हणाला, "बाळांनो, कांडी ही मोठ्यांची गोष्ट. ज्याला मिसरूड फुटलं, ज्याला आपलं बरंवाईट कळतं, त्याने काय ते ठरवावं. तुम्ही अजून लहान आहात."

खोकल्याचं नाव नाही, दम्याचं नाही. थोरली मुलं हळूच ओठावरून बोट फिरवत होती. ते पाहून बोधिसत्त्वांच्या काळजात चर्र झालं.

पुढे काही दिवसांनी क्षेमक श्लोकाच्या मध्येच थांबला, त्याने श्वास घेतला आणि तो खाली बसला.

आचार्यांनी त्याला बाजूला घेतलं. "कधीपासून ओढतोस?"

"उपदेश झाल्यापासून." त्याने मान खाली घातली. "मला मिसरूड फुटलंय ना, आचार्य. मोठ्यांनी ठरवावं म्हणाले. मी ठरवलं."

आचार्यांना रागही आला आणि रडूही आलं. ते तडक दरबारात गेले. मणिदत्त आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तिथे बसलाच होता.

"कसा वाटला उपदेश?" राजाने विचारलं.

"उपदेशक राहू द्या महाराज, लाडूही राहू द्या. फक्त एक जोड द्या. शेवटी श्रेष्ठींच्या वडिलांनी मुलांसमोर एक श्लोक एका दमात म्हणावा. जन्मभर घरची कांडी ओढलेला दुसरा जाणता माणूस मी कुठून आणू?"

मणिदत्ताचा चेहरा उतरला. "त्यांना कशाला त्रास? त्यांची तब्येत..."

"का? काय झालंय तब्येतीला?" राजाने विचारलं.

तेवढ्यात म्हातारा काठी टेकत उठला. "मी... जाईन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मुलांपुढे उभा राहिला. श्लोकाचे तीन शब्द झाले आणि खोकल्याने तो कंबरेत वाकला. एकही मूल हसलं नाही. क्षेमकाने धावत जाऊन त्याला सावरलं, पाणी पाजलं.

धापा टाकत म्हातारा म्हणाला, "पोरांनो, मीही मोठा झाल्यावरच ठरवलं होतं. ते एकदाच. त्यानंतर आजपर्यंत... मला काही ठरवताच आलं नाही."

त्याच दिवशी राजाने उपदेशकाला घरी बसवलं. क्षेमकाने कांडी सोडली. दम परत यायला मात्र फार दिवस लागले.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, त्यांना म्हणाले, "तो मणिदत्त म्हणजे विहाराला अन्नछत्र बांधून देतो म्हणत आज दाराशी बसलेला मद्यविक्रेता वसुगुप्त. क्षेमक म्हणजे त्याचं दान घेऊया म्हणणारा तुमच्यातला हा तरुण पुष्यक. आणि आचार्य मीच होतो. देणाऱ्याचा हात पाहावा, तसं त्याचं दुकानही पाहावं. हीच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता."