राणीच्या खांद्यातला गोळा

बाहुल्या आपापसांत बोलत, त्या काळची गोष्ट. कोकणातल्या एका गावात दोऱ्यांवर नाचणारी लाकडी राणी होती. खेळाच्या शेवटी हात उचलून राजाला माळ घालायची, हे तिचं काम. पण खांद्याचा सांधा धरून ठेवणारे बारीक दोरे झिजून तुटले. हात उचलायला गेलं की दंडाच्या टोकाचा गोळा खांद्याच्या वाटीतून निसटायचा. हात बाहेरून वर ओढणारा जाड दोरा तेवढा शाबूत होता. दोन वर्षं राजालाच मान वाकवून माळेत शिरावं लागत होतं.

बाबी सुताराने वाटी खोल कोरून पाहिली, तर हात आखडला. उथळ वाटी बसवली, तर गोळा निखळून पडला. शेवटी तो म्हणाला, "आता गोळाच खांद्याला बसवतो आणि वाटी दंडाला."

गोळा फुरंगटला. "फिरायचं मी आणि बसून राहायचं वाटीने, असंच चालत आलंय."

राणी म्हणाली, "अरे, मला माळ घालायचीय. तुझा मान कुठवर सांभाळू?"

 बाबीने अदलाबदल केली.

संध्याकाळी खेळात जाड दोरा ओढला गेला. गोळा जीव मुठीत धरून खांद्याला चिकटून राहिला. वाटी त्याच्यावरून अलगद फिरली, हात वर गेला आणि माळ राजाच्या गळ्यात पडली.

"सुटलो बाबा," राजा मान सरळ करत पुटपुटला.

"मी तर हललोसुद्धा नाही," गोळा नवलाने म्हणाला.

"म्हणून तर," राणी म्हणाली.