एकदाच विचारलं

माळरानावरच्या एका गावात घोंगडी विणणारे दोन भाऊ राहत होते. थोरल्याचं नाव बिरू, धाकट्याचं सिदू. आईबाप लवकर गेले. बिरूनेच सिदूला वाढवलं. स्वतःचं लग्न त्याने पुढे ढकललं, ते ढकललंच.

त्या गावची एक रीत होती. पाहुणा आला की त्याला जेवायला विचारायचं. पाहुण्याने नको म्हणायचं. मग घरच्यांनी पुन्हा विचारायचं, त्याने पुन्हा नको म्हणायचं. शेवटी हाताला धरून त्याला पाटावर बसवायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरा ठरायचा आणि एकदाच विचारून गप्प बसणारा चिक्कू. या ओढाताणीत भाकरी गार व्हायची, पण दोघांचाही मान राहायचा. नको म्हणणाऱ्याला खरं काय हवंय, ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळायचं.

एका वर्षी मेंढरांवर रोग आला. वाडेच्या वाडे रिकामे झाले. लोकर नाही, तर घोंगडी कशाची विणणार? डोंगरापलीकडच्या थंड देशात विणकर हवे आहेत, असं सिदूच्या कानावर आलं. सिदू उतावळा. त्याने त्याच दिवशी बोचकं बांधलं.

"दादा, चल."

"तिथली भाषा येत नाही, माणसं माहीत नाहीत. आपण तिथं काय करायचं रे?"

"जे इथं करतो तेच. नाहीतर तू राहा, मी जातो."

बिरूने आणखी काही विचारलं नाही. घोंगडीच्या सुताला खळ द्यायला चिंचोके लागतात. तिकडे चिंच नसेल म्हणून त्याने चिंचोक्यांची एक पिशवी तेवढी बरोबर घेतली आणि धाकट्याच्या मागून निघाला.

थंड देशात माणसं वाईट नव्हती. सरळ होती. विचारायची एकदाच आणि जे उत्तर मिळेल ते खरं मानायची. एका म्हातारीने दोघांना भाड्याने खोली दिली. पहिल्याच दिवशी ती वाफाळत्या कढणाची वाडगी घेऊन दारात आली. "खाणार?" तिने खुणेने विचारलं. दोघा भावांनी रीतीप्रमाणे मान हलवली. नको. म्हातारीने मान डोलावली आणि वाडगी घेऊन परत गेली. दोघे दाराकडे बघत बसले. ती आता पुन्हा येईल, मग येईल. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारताच सिदू टुणकन उठला आणि वाडगं हातात घेतलं.

बिरू पुटपुटला, "अरे, एका हाकेला धावलास? आपण काय उपाशी आहोत?"

"आहोतच की, दादा!"

बिरू हसला. पण त्याच्याने हो म्हणवेना. त्याचं वाडगं परत जायचं आणि सिदू आपल्यातलं अर्धं त्याला द्यायचा. देतानाही दोनतीनदा म्हणावं लागायचं, "घे ना दादा." मग बिरू घ्यायचा. सुरुवातीला असं चाललं होतं. ते दिवस बरे होते.

विणकरखान्यातही तसंच झालं. शेगडीजवळचा माग रिकामा होता. मुकादमाने बिरूला खुणेने विचारलं, "हा घेतोस?" बिरूने संकोचाने मान हलवली, नको, दुसऱ्या कुणाला द्या, अशी. मुकादमाने तो माग सिदूला दिला. बिरूला दाराजवळचा मिळाला. तिथे दार उघडलं की बर्फाचा वारा थेट पाठीत शिरायचा.

सिदू भराभर शिकला. त्याने भाषा उचलली. पटका सोडला, कानटोपी घातली. बिरूला मात्र तिथल्या भाषेतले चारच शब्द आले. लोकर, पाणी, भाऊ आणि नको. पैकी भाऊ हा शब्द त्याचा फार आवडता. रस्त्यात कुणीही भेटलं की तो सिदूच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणायचा, "भाऊ!" आणि ओळख करून दिल्यासारखा हसायचा. लोकांना वाटायचं, तो आपल्यालाच भाऊ म्हणतोय, आणि तेही हसून पुढे जायचे.

"दादा, हो कधी शिकणार?" सिदू विचारायचा.

"शिकेन की. घाई काय आहे?"

हळूहळू सिदूला दादाची लाज वाटू लागली. दादा खोलीत चिंचोके शिजवायचा, त्याचा वास सगळ्या जिन्यात पसरायचा. दादा जमिनीवर उकिडवा बसायचा. रस्त्याने घोंगडी पांघरून चालायचा आणि पोरं मागून मेंढीसारखी ओरडायची. दादाला वाटायचं, पोरं खेळताहेत. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. सिदू मात्र चार पावलं पुढे चालू लागला.

एकदा मुकादम त्यांच्या खोलीवर आला. सिदूला मुख्य विणकराची वरची जागा मिळणार होती, तेच सांगायला आला होता. घरी पाहुणा आलेला बघून बिरूला काय करू आणि काय नको असं झालं. त्याने भाकरी केली, चटणी वाटली, ताट पुढे केलं. मुकादमाने अर्धी भाकरी खाल्ली आणि पुरे म्हणून सांगितलं. बिरूने प्रेमाने दुसरी वाढली. मुकादमाने ताटावर हात आडवा धरला. बिरूने त्याचा हात हळूच बाजूला केला आणि तिसरी वाढली. त्यांच्या गावात याहून मोठा मान नव्हता. त्या देशात याहून मोठा अपमान नव्हता.

मुकादमाचा चेहरा लाल झाला. त्याने ताट सरकवलं आणि बिरूकडे बोट करून सिदूला विचारलं, "हा माणूस तुझा कोण?"

बिरूला प्रश्न कळला नाही. पण बोट आपल्याकडे वळलेलं पाहून तो सावरून बसला आणि सिदूच्या तोंडाकडे बघू लागला. आता त्याला येणारा शब्द येणार होता.

सिदू म्हणाला, "गावाकडचा आहे. वाटेत बरोबर होता, एवढंच."

बिरू थोडा वेळ तसाच हसत राहिला. बोललेलं सगळं त्याला कळलं नव्हतं. काय बोललं गेलं नाही, ते तेवढं कळलं. मग त्याने खाली वाकून ताट उचललं आणि ते घासायला घेतलं.

सिदूला वरची जागा मिळाली आणि त्याबरोबर चौकाजवळ एक ऊबदार घर. भिंतीत शेगडी, खिडकीला काच. सामान उचलायच्या दिवशी बिरूने त्याचं बोचकं स्वतः बांधून दिलं. सिदू उंबऱ्यात उभा राहिला. एक पाय आत, एक बाहेर. त्याने विचारलं,

"दादा, येतोस का माझ्याकडे राहायला?"

"नको रे," बिरू म्हणाला. "तुला कशाला अडचण? माझं इथं बरं आहे."

सिदू म्हणाला, "बरं."

आणि तो निघाला.

जिना उतरताना तो अर्ध्यावर थांबला. त्याला माहीत होतं. त्या सगळ्या शहरात दादाच्या नकोचा अर्थ कळणारा तो एकटाच होता. परत फिरून फक्त एवढं म्हणायचं होतं, "चल रे दादा, नाटकं करू नकोस." दादा कुरकुरत उठला असता, चिंचोक्यांची पिशवी घेतली असती आणि मागून आला असता, जसा डोंगर ओलांडून आला होता. पण मग त्या नव्या घरातही तो वास, ते उकिडवं बसणं, ती घोंगडी. सिदूने मनाला समजावलं, या देशात नको म्हणजे नको. मी विचारलं, तो नको म्हणाला. माझं काम झालं.

त्या हिवाळ्यात नदी गोठली. बिरूला खोकला लागला. दाराजवळच्या मागावर बसून तो खोकायचा आणि सिदू शेगडीजवळून ऐकायचा. एकदोनदा दोघांची नजरानजर झाली. बिरूने लगेच हात हलवला, काही नाही रे, असा. सिदूने तोही 'नको' खरा मानला.

मग बिरू कामावर यायचा थांबला. सिदू म्हणाला, आज जाऊन येईन. मग म्हणाला, उद्या जाईन. आज उद्या करता करता तो गेला तेव्हा खोलीच्या दारात म्हातारी उभी होती आणि आत बिरू घोंगडी पांघरून, भिंतीकडे तोंड करून निजला होता. तो उठणार नव्हता.

म्हातारी म्हणाली, "मी त्याला लाकूड देऊ का विचारलं. तो नको म्हणाला. कढण आणलं. नको म्हणाला. वैद्य आणू का विचारलं. तरी नको."

सिदू उंबरा ओलांडून आत गेला.

"मग मी विचारलं, कुणाला बोलावू का? तेव्हा तो म्हणाला, भाऊ. मी म्हटलं, आणते, कुठे राहतो तुझा भाऊ? तो भिंतीकडे तोंड करून वळला. मग म्हणाला, नको. नको म्हणाला म्हणून मी नाही बोलावलं. माझं काही चुकलं का रे? तू त्याच्या गावाकडचा ना? त्याचा भाऊ कोण, तुला माहीत आहे का?"

सिदूला तिची भाषा उत्तम येत होती. त्याने खाली वाकून घोंगडी दादाच्या खांद्यावर सारखी केली.

म्हातारीनेच पुढे विचारलं, "त्याला जाळायला लाकूड लागेल. माझ्याकडचं घेतोस?"

"हो," सिदू म्हणाला.

जे लाकूड बिरूने जिवंतपणी नको म्हटलं होतं, त्याच लाकडावर तो गेला.

दहाव्याला सिदू गोठलेल्या नदीकाठी गेला. त्याने घरच्यासारखा भात शिजवला होता, पिंड केला होता. पत्रावळ कुठली मिळणार? त्याने दादाचीच थाळी घेतली. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव शांत झाला, असं त्याच्या गावात मानतात. त्या देशातही कावळे होते. एक आला. निष्पर्ण झाडावर बसला. थाळीकडे बघितलं आणि मान फिरवली.

"घे दादा," सिदू म्हणाला.

कावळा हलला नाही.

"घे ना, दादा. माझ्यासाठी घे."

कावळा उडाला, दुसऱ्या फांदीवर बसला. सिदू हात जोडून विनवू लागला. तुझी घोंगडी मी पांघरेन, दादा. तुझ्या मागावर मी बसेन. चुकलो, दादा, घे. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. विणकरखान्याचा मुकादमही थांबला.

तो म्हणाला, "अरे, त्याला भूक नाही. किती विचारशील? उचल ती थाळी."

"नाही, मुकादम," सिदू म्हणाला. "तो नको म्हणतोय, म्हणजे माझं विचारायचं राहिलंय."

"पण हे सगळं कुणासाठी? त्या गावाकडच्यासाठी?"

तेव्हा सिदू वळला. सगळ्यांसमोर, त्या सगळ्यांच्या भाषेत, दादाला येणारा शब्द तो मोठ्याने बोलला.

"भाऊ. तो माझा भाऊ होता. सख्खा. त्याने मला वाढवलं आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं."

म्हातारी गर्दीत होती. तिने सिदूकडे बघितलं आणि नजर खाली घातली. तो शब्द ऐकायला जो इतके दिवस सावरून बसला होता, तो तेवढा तिथे नव्हता.

उन्हं कलली तेव्हा कावळा खाली आला. पिंडावर चोच मारली आणि उडून गेला. लोक म्हणाले, झालं, घेतलं त्याने. पण सिदूला हायसं वाटलं नाही. तो रिकाम्या फांदीकडे बघत मनात म्हणत होता, कावळ्याला आज सगळा दिवस विचारलं. दादाला उंबऱ्यातून परत फिरून आणखी एकदा विचारायला किती वेळ लागला असता?

सिदू त्याच देशात राहिला. शेगडीजवळचा माग त्याने सोडला आणि दाराजवळचा घेतला. डोंगर उतरून कुणी नवं माणूस शहरात आलं, की तो घोंगडी पांघरून वेशीवर जायचा आणि विचारायचा, "जेवणार?" नवं माणूस लाजून नको म्हणायचं. सिदू खाली बसायचा, भाकरी सोडायचा आणि पुन्हा विचारायचा.

तात्पर्य: परक्या देशाची रीत शिकावी, शिकावीच लागते, पण तिच्या आडून आपल्या माणसाचा 'नको' खरा मानू नये. ज्याचं मन आपल्याला कळतं, त्याला एकदाच विचारून निघून जाणं म्हणजे न विचारणंच होय.