गोल पंगतीची कहाणी

ऐका शांतीच्या राया, तुमच्या पंगतीची कहाणी.

आटपाट नगर होतं, नगराला नदी होती, नदीकाठी प्रभूचं मंदिर होतं. त्या मंदिरात कोण कोण यायचं? पाटलाच्या घरची यायची, माळ्याच्या मळ्यातली यायची, बुरूडआळीतली टोपल्या विणणारी यायची. सगळ्यांचा बाप्तिस्मा त्याच नदीत झालेला. गाणं एका सुरात म्हणायची, आमेन एका तोंडानं म्हणायची. मग भजन संपलं, प्रीतिभोजनाची पंगत बसली, की पाटलाची माणसं वर बसायची, माळ्याची मधे बसायची, बुरुडाची दाराशी बसायची. वाढणारी वरून वाढत यायची. दाराशी पोचेतो हंड्यात नुसतं ओगराळं वाजायचं.

त्या नगरात एक पाटलीण होती. नाव लेयाबाई. हात सढळ, जीभ तिखट. मंदिराची घंटा तिनं दिली, जाजम तिनं दिलं, प्रीतिभोजनाचा सगळा स्वयंपाक तिच्या चुलीवर व्हायचा. पाटील बोलायचा थोडं, जेवायचा फार, त्यामुळं घरात भांडण नव्हतं. एकुलता एक लेक होता, योना त्याचं नाव. आईचा जीव त्याच्यात.

मग काय झालं? योनाचं मन बुरूडआळीतल्या दीनावर बसलं. पाटील म्हणाला, "मुलगी गुणाची आहे." लेयाबाई म्हणाली, "तुम्हाला काय, भाकरीला लोणी लावून दिलं की कुणीही गुणाचं." पण लेकापुढं काही चालेना. पाळकांनी लग्न लावलं, दीना सून होऊन घरात आली.

मग सुगी झाली, सुगीचं प्रीतिभोजन आलं. पंगत बसली. दीना नवऱ्याशेजारी वर बसली. लेयाबाई हातात ओगराळं घेऊन मधे उभी राहिली आणि म्हणाली, "सूनबाई, तुझं पान दाराशी मांडलंय. आपल्या माणसांत बस, म्हणजे घास उतरेल."

दीना उठली. दाराशी गेली, पानापुढं उभी राहिली, बसली नाही. उंबरा ओलांडून चालती झाली. योना उष्ट्या हातानं उठला. म्हणाला, "आई, तिची माणसं ती माझी माणसं." तोही गेला. बुरूडआळीत राहिला, बांबू फोडू लागला, कामट्या सोलू लागला. आईशी अबोला धरला. पुढं त्याला मुलगी झाली. मुलगी बाप्तिस्म्याला मंदिरात आणली, तेव्हा लेयाबाई डोकं दुखतं म्हणून घरी निजली. निजली खरी, पण कान घंटेकडं होते.

मग नाताळ आला. लेयाबाईनं एक हंडा रस्सा शिजवला. वरून वाढत आली, दाराशी आली, शेवटचं पान राहिलं आणि हंडा संपला. त्या पानावर कोण होतं? एक वाटसरू होता. अंगावर धूळ, डोक्याला फडकं. पाणी प्याला, उठून गेला.

मग पुनरुत्थानाचा सण आला. लेयाबाईनं दोन हंडे शिजवले. वरून वाढत आली, दाराशी आली, शेवटचं पान राहिलं आणि दोन्ही हंडे संपले. पानावर तोच वाटसरू. पाणी प्याला, उठून गेला.

मग पुन्हा सुगी आली. लेयाबाईनं पदर खोचला, म्हणाली, "आता बघते कसं पुरत नाही ते." तीन हंडे शिजवले. माणसं तेवढीच, पोटं तेवढीच. वरून वाढत आली, दाराशी आली, शेवटचं पान राहिलं आणि तिन्ही हंडे संपले. तिची नणंद होती मार्था, ती वरून ओरडली, "वहिनी, हंड्यांना भोकं आहेत का हो?"

लेयाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटसरू पाणी प्याला, उठून चालू लागला. बाई तांब्या घेऊन त्याच्या मागं धावली. नदीच्या उतारावर गाठलं. "थांबा पाहुणे. उपाशी जाऊ नका, गावात माझं नाव जाईल."

वाटसरू हसला. "बाई, तुझ्या नावासाठी जेवू, की माझ्या भुकेसाठी?"

लेयाबाई त्याच्या पायांशी बसली. म्हणाली, "निदान पाय तरी धुवा." तांब्या कलता केला, पायावर पाणी ओतलं, धूळ गेली. बघते तर पायांना खिळ्यांचे वण. तिच्या हातातून तांब्या गळाला.

"प्रभो, तुम्ही दाराशी का बसलात? वर पाट होता."

"दाराशी एक पान रिकामं होतं. तुझी सून उभी राहिली आणि गेली, तिचं ते पान. मी त्याच्यावर बसतो. ती जेवत नाही तोवर मीही जेवत नाही."

लेयाबाई रडली. म्हणाली, "मला काही वसा सांगा."

"वसा सांगितला तर उतशील, मातशील, टाकून देशील."

"उतत नाही, मातत नाही, टाकत नाही."

"तर ऐक. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या दारी आधी आपल्या पायांनी जा, मग चूल पेटव. वाढायला दाराकडून लाग. आपण सगळ्यांच्या मागून जेव."

"हा वसा कधी घ्यावा?"

"अबोला धरला त्याच दिवशी घ्यावा."

"उद्यापन कधी करावं?"

"उद्यापन नाही. माणसांत आहोत तोवर करावा."

एवढं बोलून प्रभू दिसेनासे झाले. लेयाबाई घरी आली, तिनं वसा घेतला. पण बायांनो, माणसाचं मन कसं असतं? वशातलं सोपं तेवढं तिनं आधी घेतलं. लेकाच्या दारी गेली नाही. वाढायला मात्र दाराकडून लागायचं ठरवलं, आणि तसं गावभर सांगितलं.

झालं! पुढच्या प्रीतिभोजनाला पाटलाची सगळी भावकी दाराशी धावली. मार्था म्हणाली, "मी बाई लीन. मला शेवटचीच जागा बरी." चुलतजाऊ म्हणाली, "तुम्ही कुठल्या लीन? मी तुमच्याहून लीन. सरका तिकडं." "तू लीन? परवा माझ्या पायावर पाय देऊन पुढं गेलीस ती?" "ते भक्तीच्या भरात झालं!" एक म्हणे मी शेवटचा, दुसरा म्हणे मी तुझ्याही मागचा. पंगत दाराबाहेर गेली, ओट्यावर गेली, अंगणात गेली, नदीत उतरली. पाटलाचा चुलतभाऊ घोटाभर पाण्यात पत्रावळ धरून बसला आणि ओरडला, "आता माझ्यामागं नुसते मासे! मीच शेवटचा!"

आणि बुरूडआळीची माणसं कुठं राहिली? वर, वेदीपाशी, रिकाम्या पत्रावळी घेऊन. लेयाबाई नदीकडून वाढत आली, अंगणातून आली, ओट्यावरून आली, वेदीपाशी पोचली आणि हंडे संपले.

तेव्हा लेयाबाई समजली. पंगत उलटी केली, पण मनातली उतरंड तशीच राहिली. आणि आधी जे करायचं होतं, ते केलंच नाही.

मग तिनं काय केलं? गडी धाडला. "जा, सांग, आईनं तुम्हाला क्षमा केली, घरी या." गडी गेला, परत आला. "काय म्हणाली सून?" "म्हणाली, क्षमा कुणी कुणाला करायची, ते एकदा घरी विचारून या."

मग तिनं काय केलं? बैलगाडी भरली. तीत सुनेसाठी लुगडं ठेवलं, नातीसाठी चांदीचे वाळे ठेवले, वर गुळाची ढेप ठेवली. गाडी गेली, तशीच परत आली. "काय म्हणाला योना?" "म्हणाला, गाडी आली, आई आली नाही."

मग तिनं काय केलं? डोक्यावर पदर घेतला, पायांत वहाणा घातल्या आणि निघाली. बाजाराचा दिवस, भर दुपार, गाव रस्त्यावर. मार्था आडवी आली. "वहिनी, जायचंच तर झाकपाक करून मागच्या वाटेनं जा. लोक काय म्हणतील?"

लेयाबाई म्हणाली, "मार्था, पोरीला भरल्या पंगतीत उठवलं, तेव्हा मागची वाट नाही शोधली. आता कशी शोधू?"

बाजारातून गेली. लोक बघत राहिले. बुरूडआळीत पोचली. दीनाची आई सलोमी दारात सूप विणत बसली होती. तिनं मान वर केली. "या विहीणबाई. आमच्यात पाट नाही, हे सूप आहे. त्याच्यावर बसाल तर मोडेल, आणि मी दुसरं विणणार नाही."

लेयाबाई जमिनीवर बसली. दीना दारात आली, कडेवर मुलगी. योना आत कामट्या सोलत होता. त्याच्या कोयत्याचा आवाज थांबला, पण तो बाहेर आला नाही.

लेयाबाई म्हणाली, "दीना, पोरी, मी चुकले. सणाच्या दिवशी मी तुला पानावरून उठवलं. पंगत प्रभूची होती, मी माझी समजले."

दीना म्हणाली, "चुकलात हे मला ठाऊक होतं, आत्याबाई. तुम्हाला कधी कळतंय, तेवढंच बघत होते."

"मग चल. तुला वर बसवते, अगदी माझ्याशेजारी."

"नको. मी वर बसले, तर दाराशी आणखी कुणाची तरी लेक बसेल. तिच्या पानावर नाही पडलं, तर माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

सलोमीनं सूप बाजूला ठेवलं. "ते मग ठरवा. आधी जेवा. का आमच्या हातचं चालत नाही?"

आळी कान देऊन ऐकत होती. लेयाबाईनं त्या घरात कधी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. म्हणाली, "चालतं का ते विचारू नका, विहीणबाई. वाढा."

घर एवढंसं. ओळ मांडायला जागा नाही. सगळी चुलीभोवती गोल बसली. सलोमीनं भाकरी थापल्या, वाटलेल्या मिरचीचा ठेचा काढला, वांग्याचं कालवण काढलं. लेयाबाईनं सवयीनं विचारलं, "पहिलं पान कुणाचं?"

"ज्याला भूक लागली त्याचं," सलोमी म्हणाली.

लेयाबाईनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. वरची बाजू दिसेना, दाराची बाजू दिसेना. प्रत्येकाच्या एका हाताला एक, दुसऱ्या हाताला दुसरा. तिनं भाकरी मोडली, ठेच्याला लावली. तेवढ्यात योना बाहेर आला, आईशेजारी बसला आणि वर्षावरचा अबोला सोडून म्हणाला, "आई, तिखट आहे. जपून खा."

लेयाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सलोमी म्हणाली, "बघा, सांगितलं तरी ठेचा जास्त घेतला." सगळी हसली. नात मांडीवर येऊन बसली, आजीच्या हातातली भाकरी ओढू लागली. लेयाबाई म्हणाली, "दीना, सापडली गं जागा! आता तूच सांग, येशील का?" दीना म्हणाली, "अशी बसवाल तर येते."

मग लेयाबाई घरी गेली, मग तिनं चूल पेटवली. एकच हंडा चढवला. मार्था म्हणाली, "वहिनी, तीन पुरले नाहीत, तिथं एक?" लेयाबाई म्हणाली, "पुरेल."

मंदिराच्या अंगणात पत्रावळी मांडल्या. कशा मांडल्या? गोल मांडल्या. भावकी आली, थबकली. "मानकऱ्यानं बसायचं कुठं?" लेयाबाई म्हणाली, "जागा दिसेल तिथं." पाटील कधी नाही तो बोलला, "मला रस्सा मिळाल्याशी कारण," आणि दोन बुरुडांच्या मधे मांडी घालून बसला. मग माळी बसले, भावकी बसली, बुरूडआळी बसली. योना बसला, त्याच्याशेजारी दीना बसली. मार्था तेवढी उभी. वरची जागा शोधत गोलाला एक फेरा घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. "वहिनी, वर कुठं हो?" "सापडली की मलाही सांगा." मार्था दमली, भुकेजली, होती तिथं मटकन बसली. शेजारी कोण? सलोमी. सलोमीनं तांब्या पुढं केला. "दमलात? घ्या पाणी." मार्थानं तांब्याकडं बघितलं, सलोमीकडं बघितलं, आणि घटाघटा प्याली.

लेयाबाई वाढू लागली. पहिलं वाढलं, पुरलं. दुसऱ्यांदा वाढलं, पुरलं. तिसऱ्यांदा आग्रह करकरून वाढलं, तरी हंडा भरलेलाच. दीना जेवली. ती जेवली, तेव्हा आणखी कोण जेवलं, ते लेयाबाईला कळलं. तिनं हात जोडले. पोरांनी घंटा बडवली, माळ्यांनी डफ घेतला, बुरूडआळीनं गाणं धरलं, भावकीनं उचललं. नदीपलीकडच्या गावाला वाटलं, इकडं राजाची वरात निघाली.

सगळी जेवली, पण कुणी उठेना. दीना म्हणाली, "आत्याबाईंचं व्हायचंय. त्या जेवल्याशिवाय कुणी हात धुवायचा नाही." लेयाबाईनं पत्रावळ घेतली, बघते तर गोल गच्च भरलेला, बसायला जागाच नाही. म्हणाली, "राहू दे, मी मागं बसते." "मागं कुठं? इथं मागं नाही!" मार्था ओरडली. मग योना सरकला, दीना सरकली, पाटील सरकला. माळी सरकले, बुरूड सरकले, सलोमी सरकली, सलोमीला धरून मार्था सरकली. कुणी वर गेलं नाही, कुणी खाली गेलं नाही, आणि जागा झाली. लेयाबाई त्यात बसली. दीनानं तिला वाढलं.

जसा लेयाबाईचा अबोला सुटला, लेक भेटला, सून मानानं घरी आली, एका हंड्यात गाव जेवलं, तसं तुमचंआमचं होवो. तुमच्याआमच्या अंगणी पंगत गोल बसो, आणि येईल त्याला जागा होवो. साठ तोंडांनी सांगायची ही कहाणी, पाच घासांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. म्हणा बायांनो, आमेन.